तुम्ही विचारलंत म्हणून: हाडांची परवानगी

"नेक्रोमन्सर चांगला असू शकतो का?"

नेक्रोमन्सर म्हणजे मेलेल्यांना उठवणारा जादूगार. टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा खेळ, चालवणाऱ्या डीएमला (डंजन मास्टरला) जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांत हा बराच वर आहे. विचारणारे दोन प्रकारचे. एकाला पुढच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेत, प्रेतं उठवणारा विझार्ड खेळायचा असतो आणि 'पण मनाने चांगला' अशी पुस्ती त्याने कॅरेक्टर शीटवर आधीच जोडून ठेवलेली असते. दुसऱ्याचा पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा, असतो. काल सगळ्यांनी मिळून मारलेल्या ऑर्क नावाच्या राक्षसाची हाडं शेजारच्या मित्राने आज सामान वाहायला लावली, म्हणून त्याचं डोकं फिरलेलं असतं. दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा असतो, आणि तो शक्यतो आपल्याच बाजूने.

माझं उत्तर असं आहे की असू शकतो, पण ज्याची हाडं त्याची परवानगी हवी, आणि ती त्याच्या जिवंतपणी घेतलेली हवी. एवढं ऐकून बरेच जण मान डोलावतात. नियमांची पुस्तकं उघडून बसलं, की मग खरी मजा सुरू होते.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा खेळ बोलून खेळायचा. एक जण डीएम, तो जग आणि त्यातली बाकीची माणसं सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि जमेल की नाही हे फासे ठरवतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला थोरला, 1974 चा. त्याच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 2014 पासून चालत आलेल्या नियमांत, 'अ‍ॅनिमेट डेड' नावाचा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र, आहे. हाडांचा ढीग असेल तर त्यातून सांगाडा उठतो, प्रेत असेल तर झाँबी. साहित्य म्हणजे रक्ताचा एक थेंब, मांसाचा तुकडा आणि चिमूटभर हाडांची पूड. वेळ एक मिनिट. खर्च शून्य. हा शून्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेक्रोमन्सरची बाजू मांडणारे सगळ्यात आधी फायरबॉल पुढे करतात. तोही तिसऱ्याच लेव्हलचा. 20 फूट त्रिज्येत जो कोणी सापडेल त्याला जिवंत भाजतो, आणि टेबलावर टाळ्या पडतात. 'डॉमिनेट पर्सन' टाकून जित्याजागत्या माणसाचं मन ताब्यात घेतलं आणि त्याला त्याच्याच साथीदारांवर सोडलं, तरी त्या विझार्डला कोणी दुष्ट म्हणत नाही. त्याची शाळा, म्हणजे स्पेलचा गट, एन्चांटमेंट, ती कशी गोड वाटते. आणि नेक्रोमन्सर बरा नाही म्हणणारी हीच पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, प्रत्येक लढाईनंतर मेलेल्याचे बूट, अंगठ्या, खिशातली नाणी काढून घेते. ज्यांचा हात बूट ओढताना अडखळत नाही, त्यांना अचानक त्या पायांच्या हाडांचा पुळका येतो.

हा युक्तिवाद मला आवडतो, पण तो अर्धाच आहे. त्यातून आपण बाकीच्या गोष्टींना फार सहज माफ करतो एवढं सिद्ध होतं. नेक्रोमन्सी चांगली आहे असं काही त्यातून निघत नाही.

मग पुस्तक काय म्हणतं? पुस्तकाचं मत दर काही वर्षांनी बदलतं. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत प्रेत उठवणं हे मुळात चांगलं कृत्य नव्हे, पण चांगल्या वृत्तीच्या क्लेरिकने, म्हणजे देवभक्त पुजाऱ्याने, पूर्ण विचार करून, तसंच कारण असेल तर करावं, अशी सूट होती. त्याच पुस्तकात जखमा भरून काढणारा 'क्युअर लाइट वुंड्स' हा स्पेल नेक्रोमँटिक गटात होता. जीवनशक्तीशी खेळ म्हणजे नेक्रोमन्सी, मग ती शक्ती द्या नाहीतर काढून घ्या, असा सरळ हिशोब. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत जखमा भरणं तिथून उचलून कॉन्ज्युरेशनमध्ये गेलं, 2014 ला इव्होकेशनमध्ये, 2024 ला अ‍ॅब्ज्युरेशनमध्ये. चांगली चांगली कामं एकेक करून या शाळेतून बाहेर काढली, आणि मग उरलेल्याकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, शाळाच वाईट. सगळीच गेली असंही नाही. 'रेज डेड' आणि 'रिव्हिव्हिफाय', मेलेल्या मित्राला परत आणणारे स्पेल, पाचव्या आवृत्तीत नेक्रोमन्सीच आहेत. पॅलाडिनच्या यादीतही ते सापडतील. आपल्या पॅलाडिनला हे सांगून बघा.

हाडांच्या स्वभावाचंही तेच. 2000 साली सांगाडे आणि झाँबी 'न्यूट्रल', म्हणजे ना चांगले ना वाईट, होते, कारण ज्याला बुद्धीच नाही तो दुष्ट कसा असेल? 2003 ची सुधारित 3.5 आवृत्ती आली आणि तेच 'न्यूट्रल इव्हिल', म्हणजे दुष्ट, झाले. तीन वर्षांत हाडांनी काय पाप केलं कोण जाणे. 2014 च्या पुस्तकात लिहिलंय की अनडेड, म्हणजे मेल्यावर उठवलेले, निर्माण करणं चांगलं कृत्य नाही आणि फक्त दुष्ट लोकच हे वारंवार करतात. तो 'वारंवार' मला फार आवडतो. म्हणजे सणासुदीला चालेल?

याच्या तुलनेत पाथफाइंडर या दुसऱ्या आरपीजीचं जग निदान कारण तरी देतं. तिथे फारास्मा ही जन्ममृत्यूची देवता मेलेल्या आत्म्यांचा न्याय करते. अनडेड म्हणजे त्या प्रवासात घातलेला अडथळा, म्हणून तिला ते सहन होत नाहीत. पटो न पटो, आक्षेप कशाला आहे ते कळतं. 2023 च्या फेररचनेत या खेळाने चांगला-वाईट अशी अलाइनमेंटची लेबलंच काढून टाकली, तरी फारास्माचा राग आहे तिथेच आहे. कारण तो लेबलावर उभा नव्हताच.

माझ्या मते प्रश्नाची नाडी इथे सापडते. आपल्या जगात मेल्यावर पुढे काय होतं यावर वाद घालता येतो. या खेळांच्या जगांत वादच नाही. आत्मा आहे, तो कुठे जातो हे माहीत आहे, परत बोलावता येतो. त्यामुळे डीएमने पहिल्यांदा एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे सांगाडा उठतो तेव्हा आत कोण असतं. काहीच नाही, नुसती कळसूत्री ओढ? की दुसरंच कोणी येऊन बसतं, वेताळाच्या गोष्टीतल्यासारखं, जिथे प्रेत एकाचं आणि आतून बोलणारा भलताच? की मूळ मालकालाच ओढून आणून कोंडलेलं असतं? तिसरं असेल तर चर्चा संपली. ती सरळ गुलामी आहे, आणि ती करणारा 'मनाने चांगला' असण्याला काही अर्थ नाही. दुसरं असेल तर कोणाला आत घेतलंत याची जबाबदारी तुमची. बहुतेक टेबलांवर पहिलं गृहीत धरतात, कारण ते सोपं आहे. हाडं रिकामी, मालक निघून गेला, मग कोणाचं काय बिघडलं?

माझ्या टेबलावर याला उत्तर एका एनपीसीने, म्हणजे डीएम म्हणून मी सांभाळत असलेल्या पात्राने, दिलं. पार्टी चार सांगाडे घेऊन एका गावातून चालली होती. विहिरीवर एक म्हातारी होती. तिने तिसऱ्या सांगाड्याची डावी पोटरी बघितली. मोडून वाकडी जुळलेली होती. "ती मी बांधली होती," ती म्हणाली, "वैद्य मिळाला नव्हता." एवढंच बोलली आणि सांगाड्याच्या खांद्यावरची पोती खाली उतरवायला लागली. विझार्ड खेळणारा चांगला हजरजबाबी आहे. तो म्हणाला, आजी, तो आत नाहीये. तिने विचारलं, "मग पोती ठेवायला काय हरकत आहे?" पुढची दहा मिनिटं कोणी फासे उचलले नाहीत. आत कोणी नसलं तरी बाहेर कोणीतरी असतंच, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

तर परवानगी. यावर खेळाडू पटकन म्हणतात, सोपं आहे, प्रेतालाच विचारू! तसा स्पेल आहेच. 'स्पीक विथ डेड' हाही तिसऱ्या लेव्हलचा, आणि क्लेरिकच्या यादीत दोन्ही मिळतात. पाच प्रश्न विचारता येतात. पण त्या स्पेलचं वर्णन नीट वाचा. आत्मा परत येत नाही, येतो तो फक्त देह हलवणारा प्राण. प्रेताला नवीन काही शिकता येत नाही, मेल्यानंतर काय घडलं ते कळत नाही, आणि पुढच्या गोष्टींबद्दल अंदाज बांधता येत नाही. म्हणजे "तुझी हाडं मी पुढचं वर्षभर वापरू का?" या प्रश्नाला ते 'हो' म्हणालं, तरी त्या होकाराची किंमत काय? पुढचं वर्ष ही कल्पनाच त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ज्याला व्यवहार कळत नाही त्याच्याकडून घेतलेली सही आहे ती.

आता याच्या शेजारी 'रेज डेड' ठेवा. तिथे आत्मा राजी आणि मोकळा असेल तरच स्पेल लागतो. 2014 चं डीएमचं मार्गदर्शक आणखी पुढे जातं. आपल्याला कोण बोलावतंय त्याचं नाव, त्याची वृत्ती, त्याचं दैवत हे आत्म्याला कळतं, आणि नको असेल तर तो येत नाही. मित्राला परत आणताना त्याला विचारलं जातं. त्याच मित्राची हाडं उठवताना कोणी विचारत नाही. एकच शाळा, एकच देह. शिवाय 'रेज डेड' अनडेडवर चालत नाही, म्हणजे झाँबी होऊन फिरणाऱ्याची परतीची ती वाट तेवढा काळ बंदच. माझ्यासाठी चांगल्या-वाईटाची रेघ या दोन स्पेलच्या मधून जाते.

म्हणून जिवंतपणी. देहदानाचा अर्ज भरतात तसं. माझ्या एका खेळाडूने हे मनावर घेतलं. तिची क्लेरिक गावोगाव फिरून करार करायची. किती वर्षं, कोणतं काम, स्वतःच्या गावावर चाल करून न्यायचं नाही, मुदत संपली की नावानिशी दफन. तोंड झाकून न्यायचं, म्हणजे विहिरीवर कोणी ओळखणार नाही, हे कलमही तिने घातलं. हजर होती ना त्या दिवशी. मी खूश होते, आणि डीएम खूश असला की खेळाडूंनी सावध व्हावं.

पुढच्या सेशनला एक जमीनदार आला. त्याच्या हातात त्याच्या कुळांनी अंगठे उमटवलेले कागद, चांगला गठ्ठा. सगळ्यांनी हाडं लिहून दिलेली. क्लेरिकला वास आला. तिने 'झोन ऑफ ट्रूथ' टाकला. 15 फुटांच्या त्या वर्तुळात जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. एकेकाला उभं करून विचारलं, ही तुझी इच्छा आहे का? पहिला म्हणाला, हो. दुसरा, हो. तिसरा म्हणाला, "हो, मनापासून. नाहीतर कर्जापायी माझी पोरगी त्यांच्याकडे राबायला जाईल." तिघंही खरं बोलत होते. स्पेलने काम चोख केलं होतं. क्लेरिक तिथेच थांबली. मीही काही सुचवलं नाही.

आता तो शून्य. पाचव्या आवृत्तीच्या दरपत्रकाप्रमाणे अकुशल मजुराची रोजी 2 चांदीची नाणी. 'रेज डेड'ला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो खर्ची पडतो. 10 चांदीची 1 सोन्याचं, म्हणजे त्या मजुराची 2500 दिवसांची कमाई, खाण्यापिण्याचं काही न कापता. जवळजवळ सात वर्षं. ती साठवायची कधी, तर मेल्यापासून 10 दिवसांच्या आत, कारण त्यानंतर स्पेल चालत नाही. श्रीमंत मेला तर त्याला विचारून परत आणतात. गरीब मेला तर त्याची हाडं फुकट उठतात, आणि उठून जे काम करतात ते कोणाचं? अजून जिवंत असलेल्या दुसऱ्या मजुराचं. त्याची 2 नाणी गेली. पाथफाइंडरच्या गोलारियन या जगात गेब नावाचा देशच असा आहे. राज्य अनडेडांचं, शेतात झाँबी राबतात, आणि पिकलेलं धान्य शेजारच्या जिवंतांना विकलं जातं. खाणारे खातात. दुष्टपणाची एवढी शांत, हिशोबी कल्पना मला कुठल्याही काळ्या मनोऱ्यातल्या लिचमध्ये, म्हणजे अनडेड झालेल्या जादूगारामध्ये, दिसलेली नाही.

उलट बाजूही आहे. 2004 पासूनच्या एबेरॉन या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जगात कार्नाथ हे राज्य दुष्काळ आणि रोगराईने खचलं आणि त्याने मेलेले सैनिक पुन्हा उभे करून लढाईला पाठवले. शेजाऱ्यांना किळस आली. पण जो सांगाडा भाला घेऊन उभा आहे, त्याच्या जागी एक जिवंत पोरगा घरी आहे, हेही खरंच. त्याच जगात एरेनालचे एल्फ आपले थोर पूर्वज मृत्यूनंतरही जपतात, त्यांचा सल्ला घेतात, त्यांच्यापुढे वाकतात. तिथे मेल्यावर उठणं हा मान आहे, आणि तो मिळावा म्हणून लोक आयुष्यभर झटतात. हाडं दोन्हीकडे हाडंच. एकीकडे ती कामाला जुंपली आहेत, दुसरीकडे त्यांचं ऐकलं जातं. चांगला नेक्रोमन्सर खेळायचाच असेल तर एरेनालपासून सुरुवात करा असं मी सांगते, पण कोणी करत नाही. पूर्वजांचा सल्ला ऐकणारा विझार्ड मस्त दिसत नाही म्हणे.

परवानगी मिळाली, पैशाचं स्वच्छ झालं, तरी एक काम उरतंच, आणि ते रोजचं आहे. 'अ‍ॅनिमेट डेड'चा ताबा 24 तास टिकतो. त्याआधी पुन्हा स्पेल टाकला तर चार जणांपर्यंत ताबा आणखी 24 तास राहतो. नाही टाकला तर सांगाडा कोसळून पडत नाही. तो फक्त तुमचं ऐकणं थांबवतो. मग तो 2014 च्या पुस्तकाच्या मते 'लॉफुल इव्हिल', म्हणजे दुष्टच, आहे, आणि शेजारी गाव आहे. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे किंवा विझार्डकडे दिवसाला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे तसे स्पेल टाकण्याच्या संधी, दोनच. म्हणजे रोजच्या वरच्या ताकदीचा अर्धा भाग आदल्या दिवशीच्या निर्णयाचं भाडं भरण्यात जातो. आणि तुम्ही बेशुद्ध पडलात तर? कैद झालात तर? मेलात तर? नेक्रोमन्सर खेळायला आलेल्याला मी हा एकच प्रश्न आधी विचारते, 'तू मेलास तर त्यांचं काय?' ज्याच्याकडे उत्तर असतं, त्याच्या 'मनाने चांगला' या पुस्तीवर मी थोडा विश्वास ठेवते. ज्याने विचारच केलेला नसतो, त्याची कवटीची काठी आणि काळा झगा यांचं वर्णन मात्र पानभर असतं.

या सगळ्याच्या आधी येणारी एक गोष्ट शेवटी सांगते, कारण ती खेळातली नाही, टेबलाची आहे. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असू शकतं. त्याला ऑर्कच्या झाँबीचं हसू येईल, आणि एखाद्या आईचं प्रेत उठलं तर तो उठून जाईल, ते त्याला स्वतःलाही आधी माहीत नसेल. सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, मी हा विषय नाव घेऊन काढते. एकानेही नको म्हटलं तर नको; त्याला त्याचं कारण विचारायचं नाही. तिथे बहुमत चालत नाही. नेक्रोमन्सर खेळणाऱ्याचा हिरमोड होतो, होऊ दे. इतर सात शाळा मोकळ्या आहेत.

आणि त्या क्लेरिकचं काय झालं, हेही तुम्ही विचारणार. जमीनदाराचा गठ्ठा तिने त्याच्यासमोर फाडला, आणि तिसऱ्याचं कर्ज पार्टीच्या लुटीतून फेडलं, ज्यावरून पार्टीतल्या 'रोग'ने, म्हणजे चोराच्या पात्राने, तिच्याशी दोन सेशन अबोला धरला. उरलेल्या करारांत तिने नवीन कलम घातलं. ती मेली किंवा हरवली, तर 24 तासांच्या आत तिचे सगळे सांगाडे फोडून पुरण्याचं काम पॅलाडिनचं. पॅलाडिन, तोच, ज्याचं डोकं फिरलं होतं, लगेच तयार झाला. सांगाड्यांना बोथट हत्याराचा मार दुप्पट लागतो, त्याच्याकडे होती तलवार. म्हणून त्याने वॉरहॅमर घेतला, 15 सोन्याची नाणी. ते पैसे कोणी द्यायचे, तिने की त्याने, हा वाद अजून मिटलेला नाही. पॅलाडिनचं म्हणणं आहे की हा तिच्या धंद्याचा खर्च आहे.